पूर्ण भाडं

पूर्ण भाडं? पूर्ण? — थांबा, ती बॅग इकडे द्या आणि पुन्हा एकदा सांगा — अहो ताई, बाहेर सुट्ट्यांचा सेल चालू आहे, सगळं जग अर्ध्या भावात हिंडतंय, आणि तुम्ही विमानाचं पूर्ण भाडं भरून चाललात? बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लुळा आहे, ह्या खोक्यावर बसा. चेनचा रनर गेलाय फक्त, दात शाबूत आहेत, पंधरा मिनिटांचं काम. पण आधी मला विचारायचं ना! म्हणजे आपली ओळख नव्हती, ते खरं. पण ह्या गल्लीत कोणीही बॅगवाल्या काकांना विचारल्याशिवाय तिकीट काढत नाही. बाजूचा चष्मेवाला बहिणीकडे जाऊन आला — तिसऱ्या हिश्शात! मी काढून दिलं. पहाटेचं विमान स्वस्त. परतीचं वेगळं काढलं तर कधी कधी स्वस्त. सामान न नेता गेलं तर सगळ्यात स्वस्त — आणि हे कोण सांगतंय, तर बॅगा दुरुस्त करणारा! हसलात ना? हसा, चष्मेवाला पण हसतो. आणि सेलच्या पहिल्या दिवशी घाई करायची नाही. शेवटच्या दिवशी बसायचं. आज शेवटचा दिवस आहे.

कुठला, तो फोन? मेणबत्त्यांच्या डब्याला टेकवलेला? तो माझाच. मेणबत्त्या चेनसाठी, दातांवर घासल्या की रनर पळतो. ते लाल आकडे उलटे धावताहेत ना, काय म्हणताहेत बघा जरा, माझा चष्मा कुठे ठेवलाय कोण जाणे. तेरा मिनिटं? असू द्या, पुष्कळ आहेत. तिकीट काढायला घेतलं की जागा पंधरा मिनिटं आपल्या नावावर धरून ठेवतात. तेवढ्यात पैसे भरायचे, नाही तर सुटली. खिडकीची मिळालीय. सत्तर टक्के सूट — सत्तर! एवढी कधी आली नव्हती. हो, मीच चाललोय. मुलीकडे. जाणार म्हणजे — आता बघा, पैसे भरले की जाणारच.

जरा ही बाजू ताणून धरता? अशी. बास. — नाही हो, पैशाचा प्रश्न नाही. दुकान बरं चालतं, सुट्ट्या आल्या की लोकांना आपल्या बॅगा फाटल्यात हे एकदम आठवतं. गंमत अशी की मी तिला भाड्याचंच सांगितलं होतं. तिला तिकडे नोकरी लागली तेव्हा मी म्हटलं, इतक्या लांब कशाला, इथे दुकान आहे, मी आहे. गेली. माझ्याच हातची चेन बसवलेली बॅग घेऊन गेली, ती अजून तुटली नसेल. मग तिकडेच लग्न ठरवलं, स्वतःचं स्वतः, आणि फोन केला, बाबा, कधी येताय? मी म्हटलं, एवढं भाडं टाकून कोण येतंय? आता हे बोलताना भाडं त्या गल्ल्यात होतं, बरं का, जाण्याचंही आणि येण्याचंही. — हे मी तुम्हाला कशाला सांगतोय? ताणून धरा. — मला वाटलं ती चिडेल, रडेल, म्हणेल, मी पाठवते तिकीट. मग मी थोडे आढेवेढे घेऊन गेलो असतो.  पण ती अगदी शांतपणे म्हणाली, "ठीक आहे बाबा. स्वस्त झालं की या."

झालं! आता सांगा, मी महागात जाणार कसा? पूर्ण भाडं भरून दारात उभा राहिलो तर ती विचारणार नाही का, की मग तेव्हा काय झालं होतं? सेलमध्ये गेलं की बरं असतं. बेल वाजवायची आणि म्हणायचं, अगं, फुकटात पडत होतं, म्हटलं वाया कशाला घालवायचं. एवढंच. पुढे कोणी काही विचारत नाही. तीन वर्षं मी हे वाक्य घोकतोय.

ती छोटी, फळीवरची? विकायची नाही. निळी आहे, कप्पे दोन, चेन पितळी, लहान हातांना ओढता येईल अशी. नातवाची. तिसरी आहे ती. पहिल्या दोन पाळण्यातल्या मुलाच्या मापाच्या झाल्या, आणि तो आता धावतो. फोटो येतात ना. मी फोटोत खांदे मोजतो. चष्मेवाला म्हणतो, पोस्टाने पाठवून द्या. अहो, पाठवली तर मग न्यायला काय उरलं?

किती राहिली? सहा. असू द्या. — गेल्या वर्षी? गेल्या वर्षीही होता की सेल. पन्नास टक्के. पन्नास म्हणजे काय, धड स्वस्त नाही, धड महाग नाही. त्याच्या आदल्या वर्षी साठ होते, पण तेव्हा नेट गेलं. — मी म्हटलं सत्तर कधी आली नव्हती, साठ आली होती असं कुठे नाकारलं? तुमचं लक्ष फार बारीक आहे हो ताई. — काय? कपाळावर? ... हो की. चष्मा इथेच आहे. तुम्ही आलात तेव्हापासून होता? मग आधी बोलायचं नाही का!

हं. आता दिसतंय सगळं. नाव बरोबर. वय बरोबर. खाली ते हिरवं बटण.

आधी तुमची चेन होऊ दे, गिऱ्हाईक आधी. तुम्ही कोणाकडे चाललात, ते विचारायचंच राहिलं. वडिलांकडे? कळवलंय ना? नाही कळवलं! आणि ते म्हणाले, एवढं भाडं कशाला घातलंस, तर काय सांगणार? ... आठवण आली म्हणून. एवढंच? दुसरं काही नाही? ... आणि ते काय करतील, तुम्हाला काय वाटतं? ... हं. दार उघडतील.

दार उघडतील.

ही घ्या, ओढून बघा. पुन्हा ओढा. लोण्यासारखी चालतेय. कोपऱ्याशी जोर लावायचा नाही, बॅग खच्चून भरली की तिथेच — काय झालं? हां, वाजला तो. "आपली वेळ संपली आहे." गेली बघा जागा. हे असंच होतं दर वेळी, बोलता बोलता... नेट पण आज जरा हळूच आहे. — काय दाखवताय? खाली? "ह्याच दरात सात जागा शिल्लक." ... सात. हो. वाचता येतं मला, चष्मा आहे डोळ्यांवर. पुन्हा घेता येतं, माहीत आहे हो, गल्लीतल्या सगळ्यांना मीच तर काढून देतो.

नको, नको, तुम्ही नका हात लावू. ठेवा तो फोन तिथेच.

पैसे राहू द्या, परतताना द्या. तुमच्या विमानाची वेळ होत आली, निघा आता. आणि हे बघा — वडिलांनी विचारलं, कितीला पडलं तिकीट, तर कमी करून सांगू नका. पूर्ण आकडा सांगा. आवडेल त्यांना.

जा. दार हळू लावा, काच सैल आहे. — मी? बघतो ना. संध्याकाळपर्यंत आहे की सेल.