महामायाची रॉकवर पीएचडी

बुलढाण्याहून बीबीला निघालेल्या एसटीत माझ्या पुढच्या सीटवर बाप-लेक बसले होते. लेकीला नुकतीच पीएचडी मिळाली होती आणि संध्याकाळी गावात तिचा सत्कार होता. ती मोबाईलवर बॅनरचा फोटो पाहत होती.

"बाबा, माह्या नावाखाली 'दगडशास्त्र' कोणी छापलं?"

"म्याच सांगतलं. तूच त म्हणे, रॉकवर पीएचडी."

"रॉक म्हंजे गाणे, बाबा. गिटारवर म्हणतेत ते इंग्रजी गाणे."

"दगड नाही?"

"नाही."

"महामाया, एवढे वर्षं साऱ्या गावाले मी दगडच सांगून राह्यलो. सरपंचानं तुले द्याले लोणारचा गोटा धुऊन ठेवला."

"हसू नका न, लोक पाहून राह्यले."

"तूच हसून राह्यली. बरं, गाण्यात शिकाचं काय असते?"

"त्यातल्या शब्दायनं लोक कसे बदलले, ते. एका गाण्यात पोरगी एकटीच घरून निघते. ते ऐकून कितीक पोरी शिकाले बाहेर पडल्या."

"निस्त्या गाण्यानं?"

"हाव."

"मंग तिचा बाप काय म्हणते?"

"बाप नाही त्या गाण्यात."

"काऊन?"

"लिहिणाऱ्यानं घेतलाच नाही."

"असं कसं? तिले गाडीत बसवून द्याले कोणी त आलं असन. आज सत्कारात म्हण ते गाणं, आपल्या भाषेत. अन् एक ओळ बापाची टाक."

"कोणती टाकू?"

"पोचली का फोन कर."