एकाच ताग्यातले दोन कोट

— नाही नाही, बाही एवढी आखूड नको, ऐका माझं. तुम्ही जाताय तिथे दुपारी तळ्यावरून वारा सुटतो ना, तो बाहीतूनच शिरतो, मनगटापासून थेट काखेपर्यंत. हात जरा वर धरा. अस्सं. आणि कुरणाकडे सकाळीच जा — गवत ओलं असतं, चपला भिजतात, पण तळं कसं, इस्त्री केल्यासारखं — हो तर, मी गेलेय ना! म्हणजे आम्ही गेलो होतो, मी आणि माझी धाकटी बहीण. गेल्याच सुट्टीत. छान झाली ट्रिप, फारच छान — हलू नका हं, माप चुकेल.

तिचंच वेड ते, लहानपणापासूनचं. आई गेली तेव्हा ही एवढीशी, जेवायचीच नाही. मग मी घास हातात धरून सांगायचे — आपण दोघी डोंगरात जाऊ, तिथे मोठ्ठं तळं, कडेने कुरण, कुरणात घोडे. मी कुठे पाहिलं होतं! बिस्किटांच्या डब्यावर चित्र होतं, त्यावरून दिलं ठोकून. पण जेवायची हो. पुढे तिचं शिक्षण, लग्न, मुलं — दरवर्षी आपलं, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." शेवटी मीच म्हटलं, आता बास, माझे गुडघे काही वाट बघत बसायचे नाहीत. मुलांच्या सुट्टीतले दिवस बघून खोली ठरवली, बसची तिकिटं काढली, आणि दोन कोट शिवले — एकाच ताग्यातले, गडद हिरवे, आतून लाल अस्तर. तिचा तिला नेऊन दिला. तिने घातला, आरशापुढे गिरकी घेतली आणि म्हणाली, "बरं झालं गं ताई, आम्ही सगळे तिकडेच चाललोय, ह्यांनी ठरवलं. गाडीत पाचच जागा, त्यात सासूबाई — नाहीतर तुलाही म्हटलं असतं. तू काय, एकटा जीव, कधीही जाशील."

अहो, वाईट मनाने नाही म्हणाली. तिच्या लक्षातच नव्हतं. मी तिकिटं पर्समध्येच ठेवली. कॉलर नीट बसलीय का पाहिलं, हसले, घरी आले.

मग? मग काय — गेले की. एकटीच. तोंडातून निघूनच गेलं मघाशी "आम्ही", सवय हो. म्हटलं, एवढं ज्याचं सांगितलं ते बघून तरी यावं. आणि तळं खरंच तसंच होतं, बाई! घोडेसुद्धा होते! मी एका दगडावर बसले, आणि पलीकडून तो हिरवा कोट आला. आपण शिवलेला कोट मैलावरून ओळखू येतो. मुलं पुढे, तिचे यजमान मागे, सासूबाई त्यांच्या हाताला धरून — आणि ही मुलांना हात करून काहीतरी दाखवतेय. हाक मारली असती तर पोचली असती. पण काय सांगणार, का आलीस म्हणाली तर? जागा नव्हती म्हटल्यावर मागोमाग आले? माझा कोट अंगावरच होता — तो पटकन काढला, उलटा गुंडाळला, पिशवीत कोंबला. एकाच ताग्यातला ना, ओळखलं असतं तिने. पाठ फिरवून बसले. ती मंडळी जाईपर्यंत दात वाजत होते माझे. मुक्काम न करता परतले, आठवडाभर ताप.

ती आली ना भेटायला तापात. सूप घेऊन आली, उशाशी बसली, फोनवर सगळे फोटो दाखवले. "तू असायला हवी होतीस गं ताई." मी आपली, "अगंबाई, केवढं ते पाणी!" एका फोटोत मागे मी होते. पाठमोरी, दगडावर. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला, अगदी माझ्यापर्यंत आणला, आणि म्हणाली, "हा बघ, ताई, घोडा."

तिला सांगावं म्हणता? सांगून काय होणार, रडेल बिचारी, सासूबाईंशी भांडेल. नको. आणि तुम्हीसुद्धा असं बघू नका माझ्याकडे — वळा, पाठीचं माप राहिलंय. श्वास सोडा. झालं. शनिवारी या ट्रायलला. दार ओढून घ्या जाताना.