पटाश्यांची धार

सुतार : दार उघड! नाहीतर पहारीनं फोडतो!

बायको : फोडा. तुमच्याच हातचं दार आहे, एवढ्यात नाही फुटायचं.

सुतार : सकाळपासून माझ्या कारखान्यात कोंडून घेऊन काय ठोकतेयस?

बायको : तुमच्या पटाश्या. दगडावर. एकेकीची धार मोडतेय.

सुतार : आई, ऐकलंस? माझ्या पोटावर पाय देतेय ही! परवा रंधा फेकून माझं कपाळ फोडलं, काल आरसा फोडला, आज हत्यारं! बाळंतीण म्हणून किती सोसायचं?

सासू : ओरडू नकोस. बाळ दचकतंय माझ्या हातात.

सुतार : दचकू दे! बाहेर ये गं, हाडं मोडतो तुझी!

बायको : मोडा ना! आधी हातांची मोडा. मग कशालाच हात लावणार नाही मी.

सासू : सूनबाई, हातांचं काय म्हणालीस?

बायको : बाळाला दाराजवळ आणू नका!

सासू : नाही आणत. बोल तू.

बायको : परवा बाळ झोपलं होतं. शेजारीच यांनी रंधा आणि पटाशी ठेवलेली. उचलून ठेवायला गेले आणि डोळ्यांपुढे दिसलं. पटाशी त्याच्या पोटात. माझ्या हातानं. आता आंघोळ घालताना दिसतं, दूध पाजताना दिसतं. मला तसं करायचं नाहीये हो! म्हणून फेकला रंधा. आणि आरशात मी दिसत होते, म्हणून आरसा.

सुतार : वेडी का खुळी तू? पोटचं पोर ते!

सासू : तू गप्प बस. तुझ्या पाठीवरचा डाग कशाचा?

सुतार : आत्ता हे काय मध्येच? भाजल्याचा. गरम पाण्याचं पातेलं कलंडलं होतं, तूच सांगतेस.

सासू : कलंडलं नव्हतं. मी ओतलं.

सुतार : आई!

सासू : दोन महिन्यांचा होतास. तुझं रडणं थांबत नव्हतं, माझंही. डोक्यात काय काय यायचं, पण बोलणार कुणाला? आई आहे की कैदाशीण, म्हणाले असते. पातेलं नीट धरता येत नाही म्हणून तुझ्या बापानं मला बडवून काढलं. मला ते बरंच वाटलं.

बायको : आई...

सासू : तुला धार मोडायचं तरी सुचलं, पोरी. मला तेवढंही सुचलं नाही.

बायको : दवाखान्यात सांगितलं तर बाळ काढून घेतील माझ्याकडून.

सासू : तुझे बाळंतपणाचे टाके काढायला गेलो तेव्हा नर्सनं विचारलं होतं, झोप लागते का, रडू येतं का. बाळंतपणानंतर मन असं फिरतं, औषध असतं, म्हणाली. तू तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, सगळं ठीक आहे. जीभ झडली नाही माझी.

(आतलं ठोकणं थांबतं.)

सुतार : ऐकतेयस ना? पहार टाकली मी. दवाखान्यात जाऊ, आत्ताच. बाळाला आई घेईल. तू माझ्याबरोबर चल. सांगताना मी शेजारी बसेन.

बायको : सगळ्या मोडल्यात मी. घरातल्या सुऱ्यासुद्धा.

सुतार : एक राहिलीय. माझ्या खिशात, पेन्सिल तासायची. थांब, इथं पायरीवर घासून तिचीही धार मोडतो. आवाज येतोय ना आत?