छातीपर्यंतची पँट

घाटंजीच्या बाजारात, रबरी सामानाच्या दुकानात माझ्यापुढे एक बाई उभी होती.

"मासे धराची रबरी पँट दाखवा, छातीपर्यंतची. कापसात काही राह्यलं नाही, आता आमच्या बचत गटानं तलाव घेतला ठेक्यानं."

"ही घ्या कौसल्याबाई. फाटनारच नाही."

"तुमी म्हनता म्हनून? बादलीभर पानी ओता तिच्यात."

"आतून? कायले?"

"आतलं पानी जिथून बाहेर येते, तिथूनच बाहेरचं आत येते. ओता."

"घ्या, ओतलं. थेंब तरी आला काय?"

"गुडघ्यापाशी पाझरून राह्यली, पाहा. दुसरी काढा."

"हे पाहा, कोरडी ठक्क."

"हीच द्या."

"पन मालकाचं माप सांगा ना."

"त्यायले पान्याचा भेव वाटते. ते काठावरून हाका मारते. माप माहं घ्या."