बाराची घंटा

भुताला घाबरलो नाही कधी, पण एका म्हातारीला घाबरलोय. मुर्धा गावाजवळ निराधारांचा जुना आश्रम पाडून स्वस्तातले फ्लॅट बांधले होते. नव्वदच्या सुमारास आम्ही मुंबईहून तिथे तळमजल्यावर राहायला आलो.

पहिल्याच दुपारी बायकोने नैवेद्य दाखवून घंटा वाजवली आणि दार उघडलं. पायरीवर एक म्हातारी, पुढ्यात रिकामं ताट! बायको किंचाळलीच. शेजारी आदल्या दिवशीच म्हणाला होता, "इधर बहुत बुड्ढे लोग मरे हैं, संभालके."

"कोण तुम्ही?"

"घंटा वाजली न? जेवाया आले."

आश्रमात बारा वाजता जेवणाची घंटा व्हायची. ही तिथेच वीस वर्षं होती, आता गावात कुणाच्या तरी पडवीत राहायची. जिवंत बाई आहे म्हटल्यावर बायकोचा जीव भांड्यात पडला. तिने वरणभात वाढला.

खाताखाता म्हातारीने विचारलं, "जागा भाड्यानं हाय?"

मी ऐटीत म्हणालो, "नाही आजी, कायमची. कपाटात कागद आहे ना!"

तिने शेवटचा घास गिळला. "आमाला पन कायमचीच सांगितलेली. कागद पन व्हता."

त्या दिवसापासून दाराची बेल वाजली की मी आधी कपाटाकडे जातो, मग दाराकडे.