दुमडलेला कोपरा

नाही, ती बाटली टेबलावर ठेवू नकोस — हातात धर आधी. परत घ्यायला मी काय दुकान उघडलंय? आणि दार ओढून घे, तुझी नणंद बाहेर बाकावर बसलीय, तिचे कान मला इथून दिसतात. हं, बस. काय म्हणालीस, केसपेपर फाडून टाका? का पण? रिपोर्ट निगेटिव्ह आहे तुझा, आजचासुद्धा. नवऱ्याला एचआयव्ही आहे, त्याचे उपचार सुरू होऊन दोनच महिने झालेत, त्याच्या रक्तातला विषाणू दबायला आणखी चार-पाच महिने जातील — तोवर तुला लागण होऊ नये म्हणून ही रोजची एक गोळी. सगळं समजून घेतलं होतंस की! मग आजच काय झालं?

कोपरा? कुठला कोपरा? — अगं, रांगेत हाताळताना दुमडतो कागद, त्यात काय एवढं. कोण म्हणालं? नणंद? ‘कोपरेवाली’? सगळ्यांसमोर? गमतीत म्हणाली असेल गं… नाही? बरं. नाही गमतीत.

हे बघ, पूर्वी याची खोली वेगळी होती, मागच्या बाजूला, दारही वेगळं. त्या दाराकडे नुसतं वळलं तरी वस्तीभर बोभाटा. म्हणून ती बंद करून सगळं इथेच आणलं — खोकला, ब्लडप्रेशर, बाळाची लस आणि हेही, एकच रांग, एकाच रंगाचा केसपेपर. मी किती भांडले त्यासाठी! आणि झालं काय, औषधाच्या खिडकीवरचा आमचा कंपाउंडर — आवाज असा की मुडदा उठून बसेल — तो गोळ्यांचं नावच ओरडून सांगायचा. सांगून सांगून थकलो. मग कोणीतरी ठरवलं, अशा पेपरचा कोपरा दुमडायचा, म्हणजे त्याने मुकाट्याने बाटली पिशवीत घालायची. कोणीतरी म्हणजे — काय बघतेस? मीच. मला वाटलं, काय डोकं चाललंय माझं!

आणि वस्तीला कसं कळलं ते? ते नको विचारूस. — घरी सांगितलं मी. जेवताना, बढाई मारत. सासूबाई ऐकत होत्या. महिन्याभराने त्यांना धाकट्या जावेच्या पिशवीत कोपरा दुमडलेला पेपर सापडला. दिराला एचआयव्ही आहे, म्हणून ती हीच गोळी घेते, हे मला इथेच कळलं होतं, पण घरात अवाक्षर काढलं नव्हतं मी — आणि खूण मात्र सांगून बसले होते! काय काय ऐकावं लागलं तिला त्या दिवशी. शेजारपाजारच्यांनीही ऐकलं. तिने गोळ्या संडासात ओतल्या, दवाखाना सोडला. चार महिन्यांनी ताप घेऊन आली. चाचणी मीच केली. दोन रेघा — पॉझिटिव्ह. ती पट्टी मी खिडकीशी नेऊन, तिरकी धरून, कितीदा पाहिली असेल… आता उपचार इथेच चालतात, तब्येत छान आहे तिची. पण मला ‘सिस्टर’ म्हणते. घरातसुद्धा, स्वयंपाक करताना — सिस्टर, मीठ द्या. बघ, परत तोंड सुटलं माझं. हे तुला सांगायचं नव्हतं. कुणालाच सांगायचं नसतं. माझ्यावर चीड हवी तेवढी, शिव्या दे, पण राग त्या गोळीवर काढू नकोस गं, पाया पडते —

कोण? या, या नणंदबाई, तुमचीच वाट बघत होते. कोपरा? हो, दुमडलाय की. मीच दुमडला. तुमचा गुडघ्याचा केसपेपर आणा इकडे. हा बघा, झाला तुमचाही. आता? ओरडताय कशाला? बाहेर बसा, आणि बाकावरच्या सगळ्यांना सांगा, पेपर घेऊन एकेक जण आत या — सगळ्यांचे दुमडायचेत. हो, तापवाल्यांचे, खोकलेवाल्यांचे, बाळांचेसुद्धा. कधीपासून म्हणजे? आजपासून. दार लावा जाताना.

गेली. आता कंपाउंडरला दिवसभर तोंड मिटून बसावं लागेल, तेवढीच शांतता. — आणि तू? बाटली अजून हातातच. तुझं तू ठरव, असं म्हणायचं असतं आम्ही. तसंच शिकवलंय. म्हणते बाई — तुझं तू ठरव. पाणी त्या कोपऱ्यात आहे, पेला धुतलेला आहे. आण इकडे, झाकण मी काढते. — नको? बरं बरं. तूच काढ.

…

घेतलीस. आता निघ, रांग खोळंबलीय.