शांत रस्त्यावरचा टक्

...नाही, तुम्ही म्हणाल, शांत रस्ता म्हणजे सुखच की! मीही तेच समजत होतो. पण तुम्हाला सांगतो, माणसाने एक वेळ ओल्या हाताने विजेचं बटण दाबावं, पण शांत रस्त्यावर सायकल चालवू नये. सायकल दुरुस्त करणाऱ्याने तर मुळीच नाही!

मी तसा कमी बोलणारा माणूस. शाळा चौथीत सुटली, तेव्हापासून सायकलीच दुरुस्त करतोय, आणि सायकलीशी काय बोलायचं? त्यात लग्नाच्या वर्षी स्वतःचं दुकान टाकलं, तेही चौकात. दिवसभर ट्रक, बस, हॉर्न, समोर पत्रे कापणाऱ्याचं मशीन... तोंड उघडलं तरी ऐकणार कोण? बेचाळीस वर्षं काढली त्या गोंगाटात. गिऱ्हाईक यायचं, ओरडून सांगायचं, "मिस्त्री, कालपासून काहीतरी वाजतंय हो!" मी सायकल उलटी करायचो, पायडल फिरवायचो, नळीला कान लावायचो. आवाज नाही! तुम्हाला सांगतो, मिस्त्रीसमोर आली की सायकल गप्प होते. शाळेत शिवण शिकवणाऱ्या बाई तर रडकुंडीला यायच्या, "पण मी खोटं नाही हो बोलत!" मी म्हणायचो, "खोटं कोण म्हणतंय बाई? काही नाही, व्यवस्थित आहे, घेऊन जा." आणि त्या जायच्या बिचाऱ्या, मान खाली घालून...

तर दुकान बंद केलं आणि मुलगी म्हणाली, "बाबा, मोठा हायवे झाल्यापासून तो जुना किनाऱ्याचा रस्ता ओस पडलाय. दिवसाला चार गाड्या. शेतं, खाडी, समुद्र. तुम्ही आणि आई पाच दिवस सायकलने हळूहळू जाऊन या." आमची ही लगेच तयार! फक्त एक अट. "पाना घ्यायचा नाही."

"अगं, पण..."

"पंक्चरचं सामान घ्या. पाना नाही! रस्त्यात कुणाची सायकल उलटी दिसली की तुम्ही बसलात मांडी घालून. माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नाला आपण जेवणं उरकल्यावर पोचलो! पाना दिसला की मी तिथून बसने घरी."

निघालो. पहिल्या दिवशी वारा होता, कानात नुसतं घूं घूं. दुसऱ्या दिवशी सकाळी वारा पडला. एका बाजूला गवत, दुसऱ्या बाजूला खाडीचं पाणी, तेही हलत नव्हतं. गाडी नाही, माणूस नाही. ही पुढे, मी मागे. आणि तेवढ्यात...

टक्.

पायडलचा एक फेरा, एक टक्. पुन्हा फेरा, पुन्हा टक्. आणि रस्ता शांत!

तुम्ही म्हणाल, एवढ्याने काय होतंय? आवाजच तो! पण हिची हिरवी सायकल मीच बनवलेली, आणि तिच्याबद्दल मी हिच्याशी खोटं बोललो होतो. हिने नवी सायकल मागितली होती. मी ऐटीत म्हटलं, "नव्यात दम नसतो, मी बनवतो." भंगारातून एक फ्रेम आणली, फार सुरेख, हलकी, अगदी हिच्या मापाची. घासायला घेतली तर हँडलखाली, जिथे नळ्या जुळतात ना, तिथे केसाएवढी चीर. टाकवेना हो! वेल्डिंग केलं, घासलं, वर हिरवा रंग दिला आणि हिला सांगितलं, "फ्रेम नवीकोरी आहे." चिरीचं कळलं असतं तर ही बसलीच नसती त्यावर. आणि आता तोच जोड सुटत असेल तर? हँडल हातात राहणार, चाक पुढे जाणार आणि ही...

पुढे काय होतं माहीत आहे? उतार! मुलीने कागदावर काढून दिला होता. दुपारनंतर दोन किलोमीटर सरळ समुद्राकडे उतार, खाली वळण, वळणावर गुडघ्याएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे खडक. वर तिने लिहिलं होतं, "आई, इथे खूप मजा येईल."

टक्.

मी डोकं चालवलं. म्हटलं, हिला लांब जाऊ द्यावं, आवाज कमी झाला तर सायकल हिचीच. मागे राहिलो. ही आधी गाईएवढी दिसायला लागली, मग कोंबडीएवढी... आवाज तेवढाच! आता दुसऱ्या कुणाला शंका आली असती. मला नाही. मी म्हटलं, शांततेत आवाज लांबवर येतो. एवढा हुशार मी!

मग दुसरी युक्ती. तिला थांबवलं. "जरा त्या झाडापर्यंत एकटी जाऊन ये ना."

"का?"

आता काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "सायकलवर छान दिसतेस."

बेचाळीस वर्षांत मी असं बोललो नव्हतो. तिने जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावला. "ऊन लागलं का हो तुम्हाला?" पण गेली. जाताना पदर सारखा केला, पाठ ताठ केली, झाडाला वळसा घालून हसत परत आली. मी जीव कानात आणून उभा.

आवाज नाही! एकही नाही! मिस्त्रीसमोर गप्प! म्हणजे नक्की हीच सायकल! पुन्हा दोघं निघालो, आणि शंभर पावलांत... टक्. आणि रस्ता शांत!

दुपारी तिने खाडीत पाय सोडले. मी सायकलीपाशी बसलो, जोडावर अंगठा दाबला, नखाने रंग खरवडला, दात लावायचाच बाकी होता. पाना असता तर हँडल काढून आत बघितलं असतं! पाठीमागून आवाज, "काय करताय?"

"माशी बसली होती."

"मग गेली का?"

"गेली."

"बरं." एवढंच म्हणाली. तुम्हाला सांगतो, "बरं" म्हणाली की मला जास्त भीती वाटते.

आणि आला तो उतार. खाली समुद्र लखलखतोय, रस्ता त्याच्यात सांडल्यासारखा गेलाय. हिने चष्मा पुसला, ब्रेकवर बोटं ठेवली, म्हणाली, "चला!" आणि माझा हात आपोआप तिच्या कॅरिअरवर. घट्ट. सोडवेचना.

"अहो, सोडा!"

"नको जाऊस."

"का?"

सांगू का नको... पण सांगून टाकलं. भंगार सांगितलं, चीर सांगितली, वेल्डिंग, रंग, नवीकोरी... "सकाळपासून वाजतोय तो जोड. रागाव, बोल मला, पण चालत उतर." डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. वयच तसं.

हिने आपली सायकल स्टँडला लावली. "आता तुम्ही चालवा. एकटे."

"अगं, आवाज तुझ्या..."

"चालवा!"

चालवली. ती उभी, तिची सायकल उभी, सगळं जग उभं. टक्. टक्.

"अरेच्चा! माझी सायकल?" मी उतरलो, पायडल हाताने फिरवलं, काही नाही. खाली उकिडवा बसलो, चेन बघितली, काही नाही. म्हटलं जाऊ दे, आणि उठलो...

टक्.

"डावा गुडघा," ही म्हणाली. "तीन वर्षं ऐकतेय. जिना चढताना पायरीगणिक. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे!"

मला कसं ठाऊक असणार? माझं दुकान चौकात!

"आणि हे बघा," ती हँडलखालच्या जोडावर बोट ठेवून म्हणाली, "इथला हिरवा जरा गडद आहे, तो काय मला दिसत नाही? तुम्ही मागच्या दारी वेल्डिंग करत होतात तेव्हा मी खिडकीतच होते. जोड केलात, तोडलात. पुन्हा केलात, पुन्हा तोडलात. तिसऱ्यांदा ठेवलात. लोकांचं एकदाच करता. म्हणून बसले."

आणि गेली! मला बोलायला वेळच दिला नाही. सुसाट. पदर उडतोय, वळण जवळ येतंय, भिंत... मी श्वास घेतला नाही. वळणावर हिरवं काहीतरी चमकलं, दिसेनासं झालं. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मग खाली वाळूवरून एक हात वर झाला.

मीही उतरलो, दोन्ही ब्रेक दाबून. उतारावर पायडल मारावं लागत नाही, म्हणून गुडघाही गप्प. तेवढे दोन किलोमीटर रस्ता खरा शांत होता.

उरलेले तीन दिवस? टक्, टक्, टक्. ही पुढे हसतेय, मी मागे वाजतोय.

घरी आल्यावर हिने धरून डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, "डॉक्टर, गुडघा वाजतो हो, रोज वाजतो." डॉक्टरीणबाईंनी मला टेबलावर झोपवलं, पाय उचलला, वाकवला, सरळ केला, कान जवळ नेला. पुन्हा वाकवला.

आवाज नाही!

"पण मी खोटं नाही हो बोलत!" मी म्हटलं.

"खोटं कोण म्हणतंय आजोबा?" त्या म्हणाल्या आणि हिच्याकडे वळल्या. "काही नाही, व्यवस्थित आहे. घेऊन जा."